झूम एच१एन: घर, प्रवास आणि सभा टिपायला हा रेकॉर्डर कितपत पुरतो?

प्रवासाची, घरची किंवा गावच्या निवडणुकीची गोष्ट आवाजातून सांगायची तर बोलणाऱ्याइतकाच भोवतालही ऐकू यायला हवा. बरेच फोन नेमका तोच पुसतात: माणसाचा आवाज पुढे आणतात आणि मागचा बाजार, पाऊस, घोषणा दाबून टाकतात. २०१८ मध्ये आलेला झूम एच१एन तसं करत नाही. ९० अंशांत बसवलेले त्याचे दोन माइक डावं-उजवं वेगळं टिपतात, त्यामुळे फलाटावरून गाडी कुठल्या बाजूने आली ते हेडफोनमध्ये स्पष्ट कळतं.

बाहेरच्या आवाजांसाठी हा रेकॉर्डर उत्तम आहे. लेव्हलची, म्हणजे आवाज किती जोरात टिपायचा ते ठरवणारी, चकती समोरच आहे. मेनूत न शिरता अंगठ्याने फिरवता येते. बोलणं पडद्यावरच्या मीटरवर साधारण उणे १२ डेसिबलपर्यंत जाईल अशी ती ठेवावी; शून्याला आवाज फाटतो. सभेत वक्ता शांतपणे सुरुवात करतो आणि शेवटाकडे टिपेला जातो, म्हणून तिथे आणखी खाली ठेवून लिमिटर, म्हणजे अचानक चढलेला आवाज आवरणारी सोय, चालू करावा. लेव्हल आपोआप बदलणारी ऑटो लेव्हल मात्र बंदच हवी. वक्ता थांबला की ती आवाज वाढवते, गर्दीची कुजबुज वर येते, आणि पुढचं वाक्य सुरू होताच सगळं एकदम दबतं. एडिटिंगमध्ये ही चढउतार निघत नाही. माइकची कमाल क्षमता १२० डेसिबल आहे (हे मीटरचं नाही, प्रत्यक्ष आवाजाचं माप). ढोल-ताशा पथकाच्या अगदी जवळ किंवा भोंग्यांच्या भिंतीसमोर आवाज माइकमध्येच फाटतो, आणि तिथे लिमिटरचा काही उपयोग नाही. चार पावलं मागे जाणं हाच उपाय.

घरात त्याचं दुबळेपण उघडं पडतं. आजीचं हळू बोलणं दीड-दोन मीटरवरून घेतलं आणि लेव्हल चढवली, की मागे बारीक सूं ऐकू येतं. हा प्रीॲम्पचा, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागाचा, स्वतःचा आवाज आहे. नंतर एडिटिंगमध्ये नॉइज रिडक्शन (मागची खरखर पुसणारी सोय) लावून तो काढता येतो, पण त्यासोबत आवाजातला ओलावाही जातो आणि बोलणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा अंतर कमी करा: तोंडापासून वीतभर, समोर न धरता थोडं बाजूला, म्हणजे प आणि फचे फटके बसत नाहीत. पंखा बंद, शक्य असेल तर फ्रिजही. रेकॉर्डरमधला लो-कट, म्हणजे खालचे सूर गाळणारा फिल्टर, खालची घरघर कमी करतो, पण फ्रिजच्या गुणगुणण्यातला वरचा भाग तसाच राहतो. बोलणं संपल्यावर त्याच खोलीतली एक मिनिट शांतता जरूर घ्या. दोन वाक्यं जोडताना मध्ये तीच भरायची असते. ती नसेल तर प्रत्येक जोड कानाला खटकतो.

कॉलरचा माइक ३.५ मिमीच्या खाचेत लागतो. फोनसाठीच्या माइकच्या पिनेवर तीन काळे पट्टे असतात, इथे दोन पट्ट्यांची पिन लागते. अडॅप्टर नसेल तर आवाज क्षीण येतो किंवा येतच नाही. स्टुडिओतले ४८ व्होल्टवर चालणारे माइक याला थेट जोडता येत नाहीत.

बॉडी प्लास्टिकची आहे आणि हा खरा त्रास. बोट सरकलं तरी खरखर उमटते. मागे ट्रायपॉडचा आटा आहे. छोटा स्टँड लावून तोच हातात धरावा. वाऱ्यासाठी केसाळ आवरण वेगळं विकत घ्यावंच लागेल. एसटीच्या खिडकीशी किंवा बोटीच्या डेकवर त्याशिवाय घेतलेलं रेकॉर्डिंग फुकट जातं, कारण वाऱ्याचा तडाखा थेट माइकच्या पडद्यावर बसतो.

रिमोटला लागतात ते दोन एएए सेल यात बसतात. कंपनी १० तास सांगते. चार्जिंगचे सेल वापरत असाल तर मेनूत तो प्रकार निवडा, नाहीतर बॅटरीचं चिन्ह चुकीचं दाखवतं. कार्ड मायक्रोएसडी, ३२ जीबीपर्यंत. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ वेव्हला (न दाबलेल्या, पूर्ण दर्जाच्या आवाजाच्या फाइलला) तासाला सुमारे १ जीबी लागतो, म्हणजे ३२ जीबीच्या पूर्ण कार्डावर ३० तासांच्या आसपास. २ जीबीला फाइल आपोआप तुटून नवी सुरू होते. लांब सभेनंतर दोन्ही तुकडे उतरवलेत ना, ते पाहा. रेकॉर्डिंग थांबवायच्या आधी सेल काढले तर फाइल खराब होऊ शकते.

नव्याने घेणाऱ्याने झूमचाच एच१ एसेन्शियलही पाहावा. तो ३२ बिट फ्लोटमध्ये टिपतो, म्हणजे खूप हळू आणि खूप मोठा आवाज एकाच फाइलमध्ये मावतो, त्यामुळे लेव्हल लावण्याची कटकटच नाही, आणि एकट्याने सभा टिपणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे. वारा, हाताची खरखर आणि १२० डेसिबलची मर्यादा मात्र तिथेही तीच. शिवाय त्याच्या फाइली तासाला सुमारे १.४ जीबीच्या होतात आणि फोनमधली काही ॲप त्या उघडत नाहीत. कुणाला पाठवण्याआधी ऑडॅसिटी या मोफत एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आवाज सारखा करून १६ बिट किंवा एमपी३ करून घ्याव्या लागतात.