गंजगोलाईतलं बिनपाटीचं दुकान : अ‍ॅम्प दुरुस्तीला नेला अन् रेकॉर्ड घेऊन आलो

लातूरच्या गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात, त्यातल्या नेमक्या कुठल्या रस्त्याला हे दुरुस्तीचं दुकान हाय ते इथं लिहीत नाही, कारण दुकानवाल्या चाचांनीच बजावलंय, "लोकांला सांगत बसू नको, आत्ताच उरकंना झालंय." दुकानाला पाटीपण नाही. बाहेर उघडे पडलेले मिक्सर, आत एका माणसाला बसायपुरती जागा अन् भिंतीला लावून रेकॉर्डींचा ढीग.

मी नेलता आमच्या काकाचा जुना अ‍ॅम्प, म्हणजे स्पीकरला आवाज पुरवणारा डबा, अन् टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड फिरवायचं यंत्र. डावा स्पीकर गप झालता अन् रेकॉर्ड लावली की गाणारा झोपेत गायलाय असं वाटायचं. दोन ठिकाणी "फेकून द्या, ब्लूटूथ घ्या" म्हणून सांगितलं होतं. चाचांनी चकती फिरवणारा रबरी बेल्ट काढून नुसता ताणून बघितला अन् म्हणले, सैल झालाय, चकती हळू फिरायलीय, मग सूर उतरणारच ना. बेल्ट बदलला, अ‍ॅम्पमधले दोन कपॅसिटर (बारके सुटे भाग) टाकले, व्हॉल्यूमचं बटण साफ केलं, सगळे मिळून ६५० रुपये.

आता खरी गोष्ट. टेस्टिंगला म्हणून ढिगातून जी हाताला लागली ती काढली, ती निघाली 'स्टार वॉर्स'ची, १९७७ ची, दोन रेकॉर्डी, चार बाजू, नुसतं संगीत. पिच्चर मी मोबाईलवर तीनदा बघितलाय, म्युझिक पाठ हाय असा माझा समज होता. सुरुवातीला सगळा ऑर्केस्ट्रा एकदम अंगावर येतो ते ठीक, ते मोबाईलवर पण येतं. पण ती धून ओसरल्यावर मागं नुसत्या चांदण्या उरतात तिथं एकटी पिकोलो, म्हणजे बारकी बासरी, इतकी हळू वाजते की चाचांनी पंखा बंद केला. अन् लगेच खालून ढोल अन् पितळी वाद्यं चढत येतात. मोबाईलवर ती बासरी मला कधी ऐकूच आली नव्हती राव! हळू आवाज हळूच राहिला तरच मोठा आवाज मोठा वाटतो, अन् आपल्या डब्याएवढ्या पार्टी स्पीकरवर सगळंच एका लेव्हलला कोकलतं.

चाचा तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट फुकायचे. त्यांचं पिच्चरकडं लक्षच नाही, ते म्हणले, "हा फुकणारा कोण हाय रे? वरचा सूर बघ, जरा हलंना." मग मी सांगितलं की जॉन विल्यम्सचं संगीत, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रानं वाजवलंय, मार्च १९७७ मध्ये लंडनजवळ डेनहॅमच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालंय, अन् हे फुकणारे मॉरिस मर्फी, त्या ऑर्केस्ट्रात मुख्य ट्रम्पेटवाले म्हणून त्यांचा पहिलाच दिवस हाच होता. चाचा गपच झाले. मग म्हणले, "पहिल्या दिवशी माझे तर ओठ सुजलते, देवळापर्यंत पण वरात गेली नव्हती." अन् सुई उचलून परत सुरुवातीला ठेवली.

विल्यम्सना याच्यासाठी ऑस्कर मिळालं ते सगळ्यांना माहीत हाय. मला भारी वाटतं ते वेगळंच, पिच्चर अवकाशाचा, यंत्रमानवांचा, अन् संगीत मात्र जवळजवळ सगळं माणसांच्या फुफ्फुसाचं अन् हाताचं. टिव टिव मशीनचे आवाज घालून कुणीपण मोकळं झालं असतं. पिच्चरमधल्या राजकुमारी लेयाच्या धुनेत फ्रेंच हॉर्न, म्हणजे गोल वळणाचं पितळी वाद्य, येतो ना, तिथं वाजवणाऱ्याचा दम कळतो, म्हणून ती खरी वाटते.

स्पीकरपण त्यांच्याकडूनच घेतले, आठ इंची कागदी कोनचे (कोन म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा). ट्रम्पेट, व्हायोलिनला एक नंबर. पण घरी पेन ड्राईव्हवरून 'इंटरस्टेलर' पिच्चरचं संगीत लावलं, २०१४ चं, हान्स झिमरचं, त्यात लंडनच्या टेंपल चर्चमधला खराखुरा ऑर्गन, म्हणजे हवेवर वाजणारा मोठ्या नळ्यांचा बाजा, हाय, अन् त्याचा खालचा सूर आला की कोन नुसता फडफडायलाय, आवाज नाहीच. तेवढ्या खाली उतरायची या स्पीकरांची ऐपत नाही. ते ऐकायचं असंल तर मोठे स्पीकर बघा, उगं यांच्या नादी लागू नका.

तक्रारी पण लिहितो. बिल मागू नका, मिळत नाही. "उद्या ये" म्हणजे चार दिवसांनी. रेकॉर्डींचा भाव तोंड बघून, 'स्टार वॉर्स'चे मला १८०० सांगितले, १५०० ला दिली, तिसऱ्या बाजूला एक चरा हाय तो सांगितला नाही. अन् माझी चूक म्हणजे त्यातली एक रेकॉर्ड खिडकीत उन्हात राहिली, लातूरचं मे महिन्याचं ऊन, पापडासारखी कड वर आलीय. आता शेवटच्या लढाईच्या संगीतात सुई दर फेऱ्याला उडी मारते. चाचांला फोटो दाखवला तर म्हणले दोन काचांत दाबून ठेव, अन् शुक्रवार सोडून कधीपण ये.