मोठ्याची चूक, छोट्याची चूक

लोगन पॉल या अमेरिकी यूट्यूबरने ३१ डिसेंबर २०१७ला जपानच्या आओकिगाहारा जंगलातल्या एका मृतदेहाचा व्हिडिओ टाकला. जगभर संताप उसळला. जानेवारीत यूट्यूबने त्याला जाहिरातदारांसाठीच्या खास यादीतून काढलं, पुढे काही दिवस जाहिराती थांबवल्या. चॅनल मात्र शाबूत. २०२२मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या कुस्तीचे शो करणाऱ्या कंपनीचा करार, २०२३मध्ये तिथला युनायटेड स्टेट्स किताब. वाद अंगाशी आला म्हणायचं की पथ्यावर पडला?

आता दीडशे-दोनशे फॉलोअर्सवाली एखादी नोकरदार बाई घ्या. रात्री एक भिकार विनोद टाकते नि झोपते. सकाळी स्क्रीनशॉट फिरतोय, कुणीतरी मालकाला टॅग केलंय, दुपारपर्यंत नोकरी गेलेली. माफी तीही मागते, पण वाचतो कोण? आणि पुढची कित्येक वर्षं नाव शोधलं की तोच स्क्रीनशॉट.

फरक गुन्ह्याच्या वजनाचा नाही. पहिल्याच्या माफीच्या व्हिडिओलाही व्ह्यूज मिळतात, त्याला सोडवायला चाहत्यांची फौज धावते, आणि प्लॅटफॉर्मची कमाईही त्याच्यावरच. दुसरीला काढून टाकायला मालकाला काही खर्च नाही, उलट आयती वाहवा. (टॅग करणाऱ्यांतले किती जण पहिल्याला आजही फॉलो करत असतील, देव जाणे.)