चेंबर भरलेलं की रिकामं? कमरेला पिस्तूल लावणाऱ्या पुणेकरासाठी

पोलीस आयुक्तालयातल्या फेऱ्या संपतात, परवाना हातात पडतो, .३२ बोअरचं पिस्तूल घरी येतं. मग असा एक प्रश्न समोर येतो ज्यावर दोन जाणकारांचं एकमत क्वचितच होतं. शर्टाखाली पिस्तूल लावून बाहेर पडताना चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या घरात, जिथून गोळी सुटते) गोळी असावी, की मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) भरलेलं आणि चेंबर रिकामं?

माझा कल आधीच सांगून टाकतो. लक्ष्मी रोडवरचे सराफ, वाघोलीकडचे बिल्डर, मुळशीतले जमीनमालक यांनी चेंबर रिकामं ठेवावं. साळुंके विहारातल्या निवृत्त कर्नलसाहेबांना मी काही सांगायला जाणार नाही. त्यांचं ठरलेलं असतं आणि हातही तयार असतो. ज्याला शस्त्र अजून घ्यायचंच आहे, त्याने पिस्तुलाआधी रिव्हॉल्व्हर हातात घेऊन बघावं.

वेळेचा हिशेब

चेंबर भरलेलं ठेवा म्हणणाऱ्यांचा मुख्य मुद्दा वेळेचा आहे, आणि तो पोकळ नाही. गोळी आधीच चेंबरमध्ये असेल तर पिस्तूल काढायचं, सेफ्टी असेल तर ती सरकवायची आणि चाप ओढायचा. चेंबर रिकामं असेल तर मध्ये एक काम वाढतं: दुसऱ्या हाताने स्लाईड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, शेवटपर्यंत मागे ओढून सोडायची, म्हणजे मॅगझिनमधली गोळी चेंबरमध्ये जाते. अमेरिकेत पिस्तूल-प्रशिक्षक जेफ कूपर यांच्या नावाने पिस्तूल बाळगण्याच्या अवस्थांची जी क्रमवारी रूढ आहे, तिच्यात घोडा (गोळी उडवणारा मागचा हातोडा) चढवून, सेफ्टी लावून, चेंबर भरून बाळगणं ही पहिली अवस्था आणि रिकामं चेंबर ही तिसरी. या तिसरीलाच पुष्कळजण ‘इस्रायली पद्धत’ म्हणतात. सराव असलेला माणूस स्लाईड ओढण्यात फार वेळ घालवत नाही. पण सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी १९८३ साली लिहून ठेवलं होतं की चाकू घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. २१ फूट म्हणजे सुमारे साडेसहा मीटर. पेठेतल्या बहुतेक दुकानांत शटरपासून गल्ल्यापर्यंत एवढीही जागा नसते. दीड सेकंदातला अर्धा सेकंद स्लाईडवर गेला तर उरलं काय, हा प्रश्न रास्त आहे.

त्याहून मोठी अडचण दुसऱ्या हाताची. तो हात मोकळा असेलच असं नाही. त्या हातात पैशांची पिशवी असेल, मुलाचं मनगट असेल, किंवा त्याच हाताने तुम्ही समोरच्याला ढकलत असाल. स्लाईड अर्धीच ओढली गेली तर काडतूस नीट बसत नाही आणि पिस्तूल अडकतं. आपल्याकडच्या .३२ पिस्तुलांना तर हे जास्तच लागू आहे, कारण त्यातली बरीच साध्या ब्लोबॅक घडणीची असतात. त्यांत गोळी सुटताना स्लाईडला धरून ठेवणारं कुलूप नसतं, ते काम स्लाईडचं वजन आणि स्प्रिंग करते. म्हणून स्प्रिंग कडक. पिस्तूल छोटं, स्लाईडवर बोटांना धरायला जागा कमी, खाचा उथळ, आणि मे महिन्यात हात घामेजलेला. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगठ्याच्या सांध्यात दुखणं असलेल्या माणसाला हे नुसतं घरी बसूनही जड जातं.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की भरलेलंच बरं. इंटरनेटवरचा निकालही बहुधा तसाच लागतो. पण तो वाद अमेरिकेतला आहे. तिथला माणूस ९ मिलिमीटरचं आधुनिक पिस्तूल वापरतो, मनात आलं की रेंजवर जाऊन डबेच्या डबे काडतुसं उडवतो, आणि सकाळी कमरेला लावलेलं पिस्तूल रात्रीच काढतो. आपल्याकडे ९ मिलिमीटर हे प्रतिबंधित बोअर, म्हणजे ते सामान्य परवान्यावर मिळत नाही. काडतुसांची मर्यादा परवान्यावर लिहिलेली असते. बालेवाडीच्या क्रीडा संकुलात नेमबाजीची उत्तम रेंज आहे, पण ती खेळाडूंसाठी. कमरेतून पिस्तूल काढून झाडायचा सराव तिथे कोण करू देणार?

पुण्यातला एक दिवस

माझ्या मते निर्णय इथे होतो. तुम्ही पिस्तुलाला दिवसातून किती वेळा हात लावता?

सकाळी घरातून निघालात. साडेदहाला शिवाजीनगर कोर्टात तारीख, तिथे शस्त्र आत नेता येत नाही. दुपारी हिंजवडीत एका कंपनीत मीटिंग, गेटवर झडती. संध्याकाळी घरच्यांबरोबर मॉल, दारातच मेटल डिटेक्टर. प्रत्येक वेळी पिस्तूल कमरेवरून काढून कुठेतरी ठेवावं लागणार आणि पुन्हा लावावं लागणार. गाडीत सोडून जाणं ही तर स्वतंत्र चूक आहे. काच फोडून ते चोरीला गेलं की पुढचं वर्ष पोलीस ठाण्यात उत्तरं देण्यात जातं. ज्या दिवशी अशी तीन ठिकाणं करायची आहेत, त्या दिवशी ते घरच्या तिजोरीतच राहू द्यावं. तरीही माणसं नेतात, म्हणून पुढचं लिहितोय.

चुकून गोळी सुटते ती बहुधा पिस्तूल होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, स्वस्थ पडलेलं असताना नव्हे. ती सुटते काढताना, परत घालताना आणि रिकामं करताना. परत घालताना शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी चापाच्या कडीत शिरते आणि वरून माणूस पिस्तूल दाबतो. पोटापाशी, पुढच्या बाजूला लावलेलं असेल तर नळीचं तोंड मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीकडे असतं. रिकामं करतानाची चूक तर इतकी साधी आहे की हुशार माणसंही ती करतात. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाईड ओढायची, हा क्रम. घाईत तो उलटला तर स्लाईड ओढल्यावर चेंबरमधली गोळी बाहेर उडते, पण स्लाईड पुढे येताना मॅगझिनमधली वरची गोळी चेंबरमध्ये ढकलते. मग मॅगझिन निघतं. हातात एक सुटी गोळी, एक मॅगझिन आणि ‘रिकामं’ पिस्तूल. आत एक गोळी आहे.

चेंबर रिकामं ठेवणाऱ्याकडून ही चूक होऊच शकत नाही असं नाही, पण त्याला दिवसभरात हा खेळ करायची वेळच येत नाही. मॅगझिन काढलं, स्लाईड ओढून चेंबरमध्ये डोकावून पाहिलं, संपलं.

यात आणखी एक भानगड आहे जी फारसं कुणी सांगत नाही. चेंबर भरून बाळगणारा रोज रात्री गोळी काढतो आणि सकाळी बहुधा तीच परत भरतो. स्लाईड पुढे येताना काडतुसाचं टोक दरवेळी चेंबरच्या उतारावर आपटतं. पुन्हापुन्हा आपटून गोळी पितळेच्या कवचात थोडी मागे सरकते. आतली जागा आकसते, आणि ते काडतूस उडालं तर दाब नको तितका वाढतो. घरी बघायचं असेल तर रोज चढणारं काडतूस डब्यातल्या नव्या काडतुसाशेजारी टेबलावर उभं करा आणि डोळे त्याच पातळीवर आणा. उंचीत फरक दिसला, कवचाच्या कडेवर ओरखडे दिसले, तर ते वापरातून काढून टाका. अमेरिकन माणूस ते सहज फेकून देईल. आपल्याकडे मोजकी काडतुसं मिळत असताना माणूस तेच जपून जपून वापरतो, आणि नेमकं तेच करू नये.

पिस्तूल कोणतं, हे विसरू नका

‘भरलेलं सुरक्षित असतं’ हे वाक्य कोणत्या पिस्तुलाबद्दल आहे? नव्या घडणीच्या चांगल्या पिस्तुलांत फायरिंग पिनला (काडतुसाच्या बुडावर आपटून गोळी उडवणारी पिन) अडवणारी कळ असते. चाप पूर्ण ओढल्याशिवाय ती बाजूला होत नाही, त्यामुळे पिस्तूल पडलं तरी गोळी सुटू नये अशी व्यवस्था असते. सुटू नये, एवढंच. सिग सॉअरच्या पी-३२० या नावाजलेल्या पिस्तुलातून पडल्यावर गोळी सुटू शकते हे चाचण्यांत दिसलं, आणि २०१७ साली कंपनीला ती पिस्तुलं मोफत सुधारून देण्याची योजना जाहीर करावी लागली.

आणि पुण्यात काय आहे? कुणाकडे वडिलांकडून वारशाने आलेलं पन्नास वर्षांचं पिस्तूल, कुणाकडे जुन्या सिंगल अ‍ॅक्शन घडणीचं, ज्यात चाप घोडा फक्त सोडतो, चढवत नाही; चेंबर भरलं की आतली स्प्रिंग ताणलेलीच राहते आणि सगळी भिस्त एका छोट्या सेफ्टीच्या खटक्यावर. वॉल्थर पीपीसारख्या डबल अ‍ॅक्शन पिस्तुलाची गोष्ट वेगळी: त्यात चापच घोडा चढवतो आणि सोडतोही, घोडा सुरक्षितपणे खाली आणता येतो, पहिला चाप लांब आणि जड असतो, आणि चेंबर भरलेलं आहे हे दाखवणारी पिन मागून बोटाला लागते. अशा पिस्तुलात, ते जाणकाराकडून तपासून घेतलेलं असेल तर, भरलेल्या चेंबरचा विचार करायला हरकत नाही. जुन्या सिंगल अ‍ॅक्शनमध्ये, आणि त्यातही अ‍ॅक्टिव्हावर बसून खड्डे चुकवणाऱ्या माणसाच्या कमरेला, अजिबात नाही.

रिव्हॉल्व्हरने प्रश्नच मिटतो, जवळजवळ

रिव्हॉल्व्हरला ओढायला स्लाईड नाही, लावायला-काढायला सेफ्टी बहुधा नाही. चाप लांब आणि जड. तो मुद्दाम ओढावा लागतो. एका हाताने चालतो. भरलंय की नाही हे सिलिंडर (गोळ्यांची घरं असलेला फिरता भाग) उघडलं की एका नजरेत दिसतं. कानपूरला बनलेलं .३२ चं ‘निर्भीक’ २०१४ साली आलं, वजन अर्ध्या किलोच्या आसपास; २०२३ साली आलेल्या ‘प्रबळ’मध्ये सिलिंडर बाजूला उघडतो. रिव्हॉल्व्हरची .३२ काडतुसं तर आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, १८६९ पासूनच्या. रेंज नसलेल्या, सरावाला गोळ्या नसलेल्या माणसाला एवढं साधं हत्यार दुसरं नाही.

‘जवळजवळ’ म्हणालो कारण ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्यांच्याच पायात गेली. रिव्हॉल्व्हर हातातून निसटून पडलं, असं सांगण्यात आलं. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसाच्या बुडावर टेकलेला असू शकतो. घोड्यावर आघात झाला की गोळी सुटते. नव्यांत मध्ये एक पट्टी असते, जी चाप ओढल्यावरच आघात पुढे पोचवते. रुगर कंपनीने आपल्या सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये ही सोय १९७३ साली आणली, आणि तोवर शहाणी माणसं सहा घरांत पाचच गोळ्या भरून घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची. वारशाचं वेबली (जुनं ब्रिटिश रिव्हॉल्व्हर) असेल तर आजही तेच करा. वेळही जात नाही, कारण डबल अ‍ॅक्शन चाप ओढला की सिलिंडर आधी फिरतो आणि भरलेलं घर घोड्याखाली येतं. रिकाम्या चेंबरची सगळी सुरक्षितता, आणि स्लाईडची कटकट नाही. माझा कौल रिव्हॉल्व्हरला जातो तो याच गणितामुळे.

कायदा, थोडक्यात

शस्त्र कायदा १९५९ चा, सध्याचे नियम २०१६ चे. पिस्तूल सार्वजनिक ठिकाणी होल्स्टरमध्ये न्यायचं, मिरवायचं नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं आणि परवान्याची मुदत पाच वर्षं केली, आणि वरातीत हवेत गोळ्या झाडणाऱ्यांसाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. चुकून सुटलेली गोळी कुणाला लागून मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं १०६ वं कलम, पाच वर्षांपर्यंत कैद. ‘सेफ्टी लावली होती’ म्हटल्याने निष्काळजीपणाचा प्रश्न तिथे संपत नाही. निवडणुकीच्या आधी शस्त्र जमा करायला बोलावलं की मॅगझिन वेगळं करून, स्लाईड उघडी ठेवून द्या. ठाण्याच्या टेबलावर भरलेलं पिस्तूल ठेवणारे महाभाग असतात.

घरात लहान मुलं असतील तर रात्रीचा प्रश्न वेगळा. तेव्हा चेंबर, मॅगझिन दोन्ही रिकामी आणि पिस्तूल व मॅगझिन वेगवेगळ्या कुलपात. यावर मला दुसरी बाजू दिसत नाही.

भरलेलं चेंबर कुणासाठी, तर फौजेतून किंवा पोलिसातून आलेला, हात बसलेला, पिस्तूल नवं आणि पडण्याच्या चाचणीतून गेलेलं, चापाची कडी पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर, दिवसभर एकदाही काढायला न लागणारा, आणि ज्याच्या जिवावर खरोखर कुणीतरी उठलंय असा माणूस. यातली एक अट सुटली तरी मी रिकामं म्हणेन.

आणि रिकामं ठरवलंत तर खरेदीच्या दिवशीच दुकानात एक गोष्ट करून बघा. दुकानदाराला चेंबर तपासून द्यायला सांगा, स्वतःही बघा, नळी भिंतीकडे धरा, बोट चापाच्या बाहेर. मग उभं राहून, बसून, आणि डाव्या हाताला थोडं पाणी लावून स्लाईड शेवटपर्यंत ओढून सोडा. ओल्या बोटांतून ती निसटत असेल तर ते पिस्तूल कितीही आवडलेलं असो, परत ठेवा आणि शेजारच्या काचेतलं रिव्हॉल्व्हर काढून द्यायला सांगा.