पंप ‘वाढवून’ देतो म्हणाला, नुसता स्क्रू फिरवला

१८,५०० रुपये. ट्रॅक्टरचा डिझेल पंप ‘वाढवून’ घ्यायला, म्हणजे इंजिनाला जास्त डिझेल जाऊन ताकद वाढावी म्हणून, पंपवाल्याला एवढे रोख मोजले. त्यातले १५,००० ज्या मालाचे, तो माल बसवलाच नाही.

चार नवीन एलिमेंट (पंपात डिझेल दाबून पुढे ढकलणारे भाग) १०,८००, चार नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) ४,२००, कॅलिब्रेशन (सगळ्या सिलिंडरना सारखं डिझेल जाईल असं जुळवणं) आणि मजुरी ३,५००. हिशेब साध्या कागदावर, ना शिक्का ना जीएसटी नंबर. ऊस वाहतूक तोंडावर आलेली, ओळखीच्या लोकांनी त्याच्याकडेच काम केलेलं. मग शंका कशाला घ्यायची?

खूण मात्र समोरच होती. पंप बसवताना मी शेजारी उभा होतो. एलिमेंट बदलायचे तर त्यांच्या डोक्यावर बसवलेले डिलिव्हरी व्हॉल्व्हचे होल्डर खोलावेच लागतात. त्या चारही होल्डरवर जुना रंग आणि तेलकट धूळ जशीच्या तशी, पान्याचा ओरखडासुद्धा नाही! चकचकीत होता तो फक्त फुल लोड स्क्रूचा (जास्तीत जास्त डिझेल किती जाईल ते ठरवणारा स्क्रू) लॉकनट, आणि त्याची कंपनीची सील गायब. आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. पण पैसे देणारा माणूस नटावरची धूळ बघत बसतो का? टेस्ट बेंचवर (पंप फिरवून तपासायचं यंत्र) मोजनळ्यांतलं डिझेल दाखवा म्हटलं, तर ‘आत्ताच चेक करून उतरवला’ म्हणाला. पंप तुमच्यासमोर बेंचवर फिरला पाहिजे, चारही नळ्यांत डिझेल सारखं दिसलं पाहिजे. नाहीतर पंप उचलून घरी या.

सुरुवातीला ट्रॅक्टर जोरात ओढायचा, पण धूर काळाकुट्ट. ‘धूर म्हणजे ताकद,’ म्हणे. साफ खोटं! हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, मग न जळलेलं धूर होऊन जातं आणि इंजिन आतून तापत राहतं. त्यात जुने एलिमेंट कमी-जास्त डिझेल देणारे, एक नोझल ठिबकणारा. भर हंगामात त्याच सिलिंडरचं पिस्टन वितळलं, हेड गॅस्केटही गेलं. त्याचे ४१,३०० वेगळे. दुसऱ्या पंपवाल्याने खोलून दाखवलं: सगळा माल जुनाच. एकूण ५९,८००.

पोलीस ठाण्यात गेलो तर ‘हा दिवाणी मामला, कोर्टात जा.’ न टाकलेल्या मालाचे पैसे घेणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? साहेब बंदोबस्तात, उद्या या. उद्या गेलं की साहेब मीटिंगमध्ये. शेवटी मलाच दरडावलं, ‘सील तोडायला तुम्हीच दिलं ना?’ सर्व्हिस सेंटरवाले सील तुटलेली बघून हात झटकून मोकळे. लुबाडणारा दुकान थाटून बसलाय आणि जाब मी देतोय!

ठाण्यात तक्रार घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी पाठवा. मी तेच केलंय. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जा. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. माहितीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. पक्कं बिल मागा, त्यात प्रत्येक पार्ट लिहून घ्या. आणि काढलेले जुने एलिमेंट हातात पडल्याशिवाय एक रुपयाही सोडू नका.