छोटा वायरलेस कीबोर्ड, पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत वापरून: वरच्या रांगेचा हिशेब

रेंज, बॅटरी, एकाच वेळी लॅपटॉप आणि मोबाइलला जोडणं, हे सगळं खोक्यावर लिहिलंय तसंच आहे. बॅटरी अजून पहिलीच चालू आहे. कळा मऊ आहेत, रात्री उशिरापर्यंत काम केलं तरी घरात कुणाची झोपमोड होत नाही. त्यावर जास्त लिहीत नाही. मला लिहायचंय ते एफ१ ते एफ१२ या रांगेबद्दल, कारण माझं पोट त्या रांगेवर आहे.

मी कोपरखैरण्याला घरी बसून तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधल्या काही गाळ्यांचे हिशेब लिहिते. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि एक्सेल, दिवसभर हेच. टॅलीवाल्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी, एकेका कळेने एकेका प्रकारच्या नोंदीचं पान, म्हणजे व्हाउचर, उघडतं: एफ४ कॉन्ट्रा (रोख आणि बँक यांच्यातली नोंद), एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस. टॅलीची ईआरपी ९ ही आवृत्ती जाऊन प्राइम आली, डेबिट आणि क्रेडिट नोटच्या कळा बदलल्या, पण या सहा जागच्या हलल्या नाहीत. एफ२ ला तारीख, ऑल्टबरोबर एफ२ ला पिरियड. बिलांचा गठ्ठा डाव्या हाताला ठेवायचा आणि माउसला हात न लावता संपवायचा, ते या कळांच्या जोरावर.

हा कीबोर्ड जोडला आणि तारखेसाठी एफ२ दाबलं, तर स्पीकरचा आवाज कमी झाला. एफ५ दाबलं, तर पेमेंट व्हाउचरऐवजी गाणं सुरू. कंपनीच्या मते या रांगेचं पहिलं काम गाणी आणि आवाज; खरं एफ५ हवं असेल तर एफएन (Fn) ही कळ धरून दाबायचं. एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की हे उलट होतं, माहितीपत्रकात तसं दिलंय, आणि होतंही. पण कीबोर्ड बंद करून परत चालू केला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सेल वाचावा म्हणून मी रात्री मागचं बटण बंद करते. म्हणजे रोज सकाळी आधी एफएन-एस्केप, मग टॅली.

वॉरंटी होती म्हणून वाशीच्या सर्व्हिस सेंटरला गेले.

"ताई, हे डिफॉल्ट सेटिंग आहे, बिघाड नाही," काउंटरवरचा मुलगा म्हणाला.

"डिफॉल्ट असू दे. मी बदललेलं त्याच्या लक्षात राहत नाही, हा बिघाड आहे की नाही तेवढं लिहून द्या."

लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं. कीबोर्ड तपासणीसाठी ठेवून जा म्हणाले. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र जीएसटीआर-१, २० तारखेला कर भरायचं ३बी, आणि मी मधल्या दिवसांत कीबोर्ड ठेवून जाऊ? रोख मोजून घेतलेल्या वस्तूसाठी हे ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. ३बी भरून झाल्यावर बिल घेऊन पुन्हा गेले आणि त्यांच्याच कॉम्प्युटरला जोडून, त्यांच्या डोळ्यांसमोर बंद-चालू करून दाखवलं. आतून एक मोठे साहेब आले, त्यांनी स्वतः करून बघितलं आणि काही न बोलता नवा पीस दिला. मॉडेल तेच, खोकं तेच, पण यात एफएनचं लॉक टिकतं. बंद करा, सेल काढून पुन्हा घाला, टिकतंच. बदलून मिळाला नसता तर इथे एकच स्टार दिसला असता. आता साडेतीन देते.

उरलेला दीड कुठे गेला, ते सांगते. ही कसर लॉकचा त्रास संपल्यावर बोटांना जाणवली.

साध्या, मोठ्या कीबोर्डवर ही रांग सलग नसते. एफ४ नंतर एक फट, एफ८ नंतर एक फट, असे चार-चारचे तीन गट. १९८१ च्या आयबीएम पीसीवर या कळा दहाच होत्या आणि त्याही डाव्या बाजूला, दोन उभ्या ओळींत. पुढे १०१ कळांचा कीबोर्ड आला तेव्हा त्या बारा झाल्या, वर गेल्या आणि अशा गटांत बसल्या. आता टॅलीच्या कळा त्या गटांवर ठेवून बघा. पेमेंट, रिसीट, जर्नल, सेल्स: मधला गट पूर्ण. पर्चेस फटीच्या पलीकडे. म्हणजे विक्री आणि खरेदी यांच्यामध्ये बोटाला कळणारी एक मोकळी जागा आहे. वर्षानुवर्षं त्या फटीच्या आधाराने मान खाली न घालता बिलं चढवली जातात.

या छोट्या कीबोर्डवर जागा वाचवायला ती फट काढून टाकलीय. बारा कळा एका ओळीत, खेटून. अक्षरांमध्ये एफ आणि जे वर निदान उंचवटा असतो, या रांगेत तोही नाही. बोट एक घर पुढे पडलं की विक्रीचं बिल खरेदीत चढतं: गिऱ्हाईक नावे पडायच्या ऐवजी जमेला, माल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला, आणि भरायचा कर वजावटीच्या बाजूला. एवढ्या मोठ्या घोळाला एका कळेचं अंतर पुरतं. कळांची जागा ठरवणाऱ्याने हिशेब लिहिणाऱ्या कुणाशी एकदा बोलायला हवं होतं. अर्ध्या सेंटिमीटरने कीबोर्ड काही बॅगेबाहेर गेला नसता.

उपाय मी केलाय. एफ५ आणि एफ८ च्या खालच्या कडेला नेलपेंटचा एकेक जाड थेंब, रात्रभर वाळवलेला. बोटाला लागतो, निघत नाही, आणि दहा रुपयांचाही खर्च नाही.

एक्सेलमध्ये मात्र हीच रांग मला आवडायला लागली आहे, आणि हे मला अपेक्षित नव्हतं. कळा पूर्ण उंचीच्या आहेत, लॅपटॉपसारख्या अर्ध्या कापलेल्या नाहीत, त्यामुळे एफ४ भराभर दाबता येतं. दराचा सेल, म्हणजे तो चौकोन, फॉर्म्युल्यात घ्यायचा आणि $ लावून त्याची जागा पक्की करायला एफ४: आधी $ए$१, मग ए$१, मग $ए१, मग परत साधा ए१. हे न करता फॉर्म्युला खाली ओढणारे लोक मी बघते तेव्हा जीव तुटतो, कारण दर प्रत्येक ओळीला एकेक सेल खाली सरकतो आणि बेरीज वरवर बरोबर दिसते. एफ२ ने सेल उघडायचा, फॉर्म्युल्याचा संशय असलेला तुकडा निवडायचा आणि एफ९: तेवढ्याच तुकड्याचं उत्तर समोर येतं. बघून झालं की एस्केप, एंटर नाही. एंटर दाबलं तर तो आकडा तिथेच कायमचा बसतो. लांबलचक फॉर्म्युल्यात चूक शोधायला याच्याइतकं कामाचं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

पत्रं आणि मेल लिहिणाऱ्याने हा कीबोर्ड खुशाल घ्यावा. टॅलीवाल्याने दुकानात दोन गोष्टी बघाव्यात. एफ८ आणि एफ९ मध्ये फट आहे का, ते खोक्यावरच्या फोटोतही दिसतं. आणि दुकानदाराला खोकं उघडायला लावून एफएन-एस्केप दाबा, मागचं बटण बंद करून चालू करा, मग एफ२ दाबा. आवाजाची पट्टी स्क्रीनवर आली तर तो माझ्या पहिल्या पीससारखाच आहे, दुसरा मागा.