पोस्टग्रेस १६, वापराचे १४ महिने: दोन ओळींचं टेबल आणि ३०० एमबी

फेब्रुवारीत एका सकाळी सव्वासहाला संस्थेतून फोन आला. पलीकडे काट्यावरचे मामा, त्यांच्या मागे रांगेचा गलका. "आरं, कॅन खाली उतरवला तरी पडद्यावर अठरा किलोच दावतंय. लोकं काय काय बोलाय लागल्यात. ये लवकर."

दूध संस्थेत काटा अडकला तर मशीन बिघडलं असं कोणी म्हणत नाही. काटा मारतात म्हणतात. त्यामुळे दात न घासताच गाडीला किक मारली.

हा अनुभव मी जानेवारीत लिहिला असता तर पोस्टग्रेसला, म्हणजे संस्थेचा सगळा हिशोब ज्या डेटाबेसमध्ये आहे त्याला, डोळे झाकून पाच स्टार दिले असते. फेब्रुवारीत दोन दिले असते, तेही रागारागाने. आता राग उतरलाय, त्यामुळे जसं घडलं तसं सांगतो.

आमची संस्था लहान. ४२० सभासद, दोन वेळचं दूध, गाईचा काटा वेगळा, म्हशीचा वेगळा. आधीच्या सॉफ्टवेअरवाल्याची एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) वर्षाला ८,५०० रुपये होती आणि एखादा नवीन उतारा मागितला की त्याचे पैसे निराळे. वैतागून एप्रिल २०२४ ला, नवं आर्थिक वर्ष धरून, मी सगळं पोस्टग्रेसवर आणलं. सहा वर्षांचं जुनं संकलन धरून अठरा लाखांच्या आसपास ओळी झाल्या. मशीन म्हणजे ऑफिसातला ४ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप, त्यात नवी एसएसडी टाकली, झालं. लायसन्सचा खर्च शून्य. सर्वसाधारण सभेत 'फुकट' या शब्दाला मिळाल्या तेवढ्या टाळ्या चेअरमनच्या भाषणालाही मिळाल्या नव्हत्या.

तर काटा. पडदा खरंच सेकंद-दीड सेकंद मागे चालत होता, मधेच चार-पाच सेकंद थिजत होता. त्या सकाळी मामांनी थेट काट्यावरचे आकडे वाचून वहीत लिहिले आणि वेळ निभावली. मग मी काट्याच्या सर्व्हिसवाल्याला बोलावलं. त्याने व्हिजिटचे ६०० घेतले, काटा दोनदा उलटा-सुलटा केला आणि निकाल दिला: लोडसेल (वजन मोजणारा भाग) गेलाय, साडेचार हजार. मी म्हटलं, दोन्ही काट्यांचे लोडसेल एकाच दिवशी जातात का? तर म्हणे, व्होल्टेजमुळे जातात. शिवाय काट्याच्या स्वतःच्या डिस्प्लेवर आकडा बरोबर दिसत होता, मागे पडत होता तो फक्त आमचा पडदा. हे दाखवल्यावर तो म्हणाला, मग तुमचं सॉफ्टवेअर बघा. ६०० परत मागितले, ते काही मिळाले नाहीत. त्याचं म्हणणं बरोबर निघालं ही गोष्ट वेगळी.

आमच्या प्रोग्रॅमची रचना अशी की प्रत्येक काटा सेकंदाला दोनदा आपलं चालू वजन एका टेबलात लिहितो आणि पडदा तिथून वाचतो. टेबलात ओळी दोनच, गाय आणि म्हैस. जगातलं सगळ्यात छोटं टेबल म्हणा. तिथे काही बिघडू शकतं हे डोक्यातच आलं नाही. म्हणून अर्धा दिवस मी संकलनाच्या अठरा लाखांच्या टेबलावर इंडेक्स (ओळ लवकर सापडावी म्हणून केलेली सूची) तपासत बसलो. शेवटी कंटाळून त्या दोन ओळींच्या क्वेरीला एक्सप्लेन लावलं (टेबलाला विचारलेला प्रश्न कसा चालला ते दाखवणारी आज्ञा), अ‍ॅनालाइझ आणि बफर्स दोन्ही चालू करून. उत्तर आलं: ओळी २, वाचलेली पानं अडतीस हजारांवर.

पोस्टग्रेसचं एक पान ८ केबीचं. म्हणजे दोन ओळी वाचायला तो जवळजवळ ३०० एमबी उपसत होता. शेअर्ड बफर्स, म्हणजे वाचलेली पानं ठेवायची मेमरी, मी कधी बदललेच नव्हते, मूळचे १२८ एमबी, त्यात हे मावणार कुठून?

पोस्टग्रेस ओळ खोडून तिच्यावर लिहीत नाही. अपडेट म्हणजे नवी ओळ लिहायची आणि जुनी तशीच पडू द्यायची, कारण दुसरं कोणी अजून ती जुनी बघत असेल. कोणालाच लागत नाही अशी खात्री झाली की व्हॅक्यूम येऊन ती जागा मोकळी करतो. दोन काटे, सेकंदाला दोनदा, म्हणजे दिवसाला ३,४५,६०० मेलेल्या ओळी. (रात्री काटे बंद करा असं मी मामांना शंभरदा सांगितलंय.) एरवी ऑटोव्हॅक्यूम हे सगळं गुपचूप साफ करतो, दहा महिने केलंच होतं. मग आता काय झालं?

टेबलांची आकडेवारी दाखवणारं पीजी_स्टॅट_यूजर_टेबल्स उघडून बघितलं तर शेवटचा ऑटोव्हॅक्यूम मिनिटाभरापूर्वीच होऊन गेलेला. मी म्हटलं, झाडू मारला जातोय, मग कचरा कुठला? हातानेच व्हॅक्यूम व्हर्बोज चालवला. त्याने सांगितलं ते असं: साठ लाखांच्या थोड्या आत ओळी 'डेड बट नॉट येट रिमूव्हेबल', मेलेल्या पण अजून काढता न येणाऱ्या. पंचनामा व्हायचाय म्हणून प्रेत उचलता येत नाही, तसला प्रकार. ऑटोव्हॅक्यूम दर मिनिटाला येत होता, अडतीस हजार पानं चाळत होता आणि हात हलवत परत जात होता. वर त्या चाळण्याचा भार मशीनवर, तो वेगळाच.

हे इतकं लांबण लावून सांगतोय, कारण 'ऑटोव्हॅक्यूम चालू आहे ना' एवढं बघून सगळे पुढे जातात, मीही गेलो. शेवटच्या व्हॅक्यूमची वेळ बघून काही कळत नाही. शेजारचा मेलेल्या ओळींचा आकडा बघायचा, आणि तो व्हॅक्यूमनंतरही उतरत नसेल तर कोणीतरी दार अडवून बसलंय असं समजायचं. कोण बसलंय ते पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीत दिसतं, ट्रान्झॅक्शन (बिगिनने उघडलेलं, कमिटने पक्कं होणारं काम) कधी सुरू झालं त्या वेळेप्रमाणे लावलं की सगळ्यात वर.

सगळ्यात वर १९ दिवसांपूर्वीची एक ओळ होती. स्थिती 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसतं बसलेलं. शेवटची क्वेरी: सभासद टेबलात दुरुस्त केलेलं एक आडनाव तपासणारं सिलेक्ट. यूजरचं नाव माझं.

आता हे आडनावाचं प्रकरण. आमच्याकडे एक कुऱ्हाडे आण्णा आहेत. दिवाळीच्या फरक बिलाच्या (वर्षभराच्या दुधाच्या दरातल्या फरकाची रक्कम) यादीत त्यांचं नाव आलं नाही. आण्णा वर्षभराचं खातेपुस्तक घेऊन ऑफिसात बसले. "दूध घातलंय मी, आन् फरक कुनाला दिला?" जुन्या सॉफ्टवेअरच्या फरकाच्या फाइलीत कोड नंबर नव्हता म्हणून मी ती नावाने जोडली होती. ही माझी पहिली चूक, नावाने कधी काही जोडू नये. पण नाव तर दोन्हीकडे 'कुऱ्हाडे'च दिसत होतं! पडद्यावर तंतोतंत सारखं. लेंग्थ काढली तेव्हा एकाची ८ आणि दुसऱ्याची ९.

एकीकडे कोणीतरी खालच्या टिंबाचा ऱ टाइप केला होता. दुसरीकडे साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारा जोडक, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर. दिसायला दोन्ही अर्धा र, डेटाबेसच्या लेखी दोन वेगळी माणसं. ॲ चंही तेच होतं, तोही दोन प्रकारे टाइप होतो. पोस्टग्रेसमध्ये १३ पासून नॉर्मलाइझ नावाचं फंक्शन आहे, मी आशेने ते लावलं. पण ते नुक्त्याचे प्रकार एकसारखे करतं, जोडकाला हात लावत नाही. तो रिप्लेसने हातानेच बदलावा लागतो. मराठी नावं साठवणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी, डेटा आत येतानाच करावं. नंतर करायला गेलं की माझ्यासारखं होतं.

आण्णांचा फरक तेव्हा वहीवरून काढून दिला. नाव दुरुस्त करायचं राहिलं होतं, ते जानेवारीत करायला बसलो. आणि केलं अगदी शिस्तीत: आधी बिगिन, मग अपडेट, मग सिलेक्ट करून एकच ओळ बदलली ना ते बघितलं. मग मामांनी चहाला हाक मारली.

कमिट राहिला.

टर्मिनल टीमक्समध्ये होतं, त्यामुळे लॅपटॉप बंद केला तरी सर्व्हरवर ते सेशन जिवंत राहिलं. वीज जायची, इन्व्हर्टर सांभाळून घ्यायचा. आण्णांची म्हैस तेव्हा भाकड, दूध येत नव्हतं, म्हणून त्यांच्या ओळीला कोणी हात लावला नाही आणि कुठे काही अडकलं नाही. अडकलं असतं तर दुसऱ्याच दिवशी कळलं असतं. त्या ट्रान्झॅक्शनने एक ओळ बदललेली होती, त्यामुळे त्यानंतर मेलेली एकही ओळ पोस्टग्रेसला उचलता येईना. अगदी दुसऱ्या टेबलातलीसुद्धा. पीएसक्यूएलच्या (पोस्टग्रेसला आज्ञा द्यायच्या प्रोग्रॅमच्या) प्रॉम्प्टवर एवढीशी चांदणी येते, ट्रान्झॅक्शन उघडं आहे म्हणून. १९ दिवस ती चांदणी तिथे चमकत होती, बघणारं कोणी नव्हतं.

सेशन मारलं, पीजी_टर्मिनेट_बॅकएंड. मग साधा व्हॅक्यूम. मेलेल्या ओळी गेल्या, पण टेबलाचा आकार हलला नाही, कारण साधा व्हॅक्यूम जागा पुढच्या वापरासाठी मोकळी करतो, डिस्कला सहसा परत देत नाही. म्हणून व्हॅक्यूम फुल. तो टेबल नव्याने लिहून काढतो आणि तोवर टेबलाला पूर्ण कुलूप असतं, त्यामुळे मोठ्या टेबलावर दूध चालू असताना कधी करू नये. शिवाय नव्या प्रतीपुरती डिस्क मोकळी लागते. इथे जिवंत ओळी दोनच, एन्टर दाबला आणि संपलं. ३०० एमबीवरून ८ केबी. काटा पळायला लागला.

माझं मत पहिल्यांदा बदललं ते इथे. दोन स्टारचे चार झाले. पण एक स्टार मी अडून कापला आणि त्यावर अजून ठाम आहे: आयडल इन ट्रान्झॅक्शनची मुदत, आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट, मूळ सेटिंगमध्ये शून्य का? शून्य म्हणजे कधीच तोडू नको. ही सोय ९.६ पासून आहे, म्हणजे २०१६ पासून, आणि बंदच ठेवून देतात. कारण असेल, कोणाचं तरी रात्रभराचं काम मधेच तुटत असेल. पण गावातल्या दूध संस्थेत रात्रभर ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून कोण काय करतंय? मी १० मिनिटं ठेवली. चहाला तेवढी पुरतात.

मग मला आणखी एक गोष्ट कळली आणि ती पोस्टग्रेसच्या बाजूची. तासाला १४,४०० वेळा वजन लिहायचंच कशाला? कोणी कॅन ठेवलेला नसताना शून्य शून्य लिहीत बसण्यात कसला हिशोब? आता वजन स्थिरावलं तरच लिहितो. दिवसाला हजारभर अपडेट होतात. हा बदल दहा ओळींचा होता. आधीच केला असता तर १९ दिवस सेशन उघडं राहूनही कोणाला पत्ता लागला नसता, हेही खरं.

बाकीचं भराभर सांगतो. दहा दिवसांच्या बिलाला बिट्वीन ('या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी अट) वापरू नका. रकान्यात तारखेबरोबर वेळही असेल तर '१ ते १०' म्हणजे १० तारीख सुरू होतानाचे रात्रीचे बारा, पुढचं सकाळ-संध्याकाळचं दूध बाहेर. पहिल्याच बिलात माझं असं झालं, एकूण लिटर कमी दिसले म्हणून छापायच्या आत सापडलं. एक तारखेपासून, आणि अकरा तारखेच्या आधी, असं लिहायचं. महिन्याच्या उताऱ्यासाठी रकान्यावर टू_चार (तारखेचा मजकूर करणारं फंक्शन) लावून '२०२५-०१' शी ताडून बघत होतो, तेव्हा वेळेवरचा इंडेक्स असून नसल्यासारखा. रकाना मोकळा ठेवून तारखांची हद्द दिली आणि पाच-सहा सेकंदांचा उतारा लगेच यायला लागला. दराचे आणि रकमेचे रकाने न्यूमेरिकच ठेवा. फ्लोट (आकडा अंदाजे साठवणारा प्रकार) ठेवलात तर कुठेतरी पैसा सुटतो आणि तो पैसा घेऊन माणूस दारात येतो. अपडेटवर एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ चालवलं तर अपडेट खरोखर होतो, हे एका संध्याकाळी महागात पडून शिकलो, तपशील विचारू नका.

ऑटोव्हॅक्यूम मूळ सेटिंगला टेबलाच्या २० टक्के अधिक ५० ओळी मेल्यावर जागा होतो. अठरा लाखांच्या टेबलावर म्हणजे ३,६०,००० ओळी साठेपर्यंत थांबतो. मी त्या एका टेबलापुरतं ते २ टक्क्यांवर आणलंय. बॅकअप रोज रात्री पीजी_डम्पने, पेनड्राइव्हवर एक आणि माझ्या घरी एक. दर महिन्याला घरच्या लॅपटॉपवर उतरवून कालचे लिटर जुळतात का बघतो. न उतरवलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

क्लाउडवरचा तयार पोस्टग्रेस घ्या, हे सगळं ते बघतात, असं एका मित्राने सुचवलं. महिन्याचा आकडा ऐकून मी विषय बदलला. आणि उघडं राहिलेलं बिगिन तिथेही माझंच असतं.

एक सांगायचं राहिलं. सेशन मारलं तेव्हा आण्णांच्या आडनावाची दुरुस्तीही अर्थातच रोलबॅक, म्हणजे रद्द, झाली आणि काट्याच्या धांदलीत ते माझ्या लक्षातच आलं नाही. मार्चमध्ये म्हैस व्याली. चिकाचे दिवस सरल्यावर आण्णा पहिल्यांदा कॅन घेऊन आले, कोड विसरलेले. मामांनी नावाने शोधलं.

"आण्णा, तुमचं नाव दिसंना की."

"आरं पुन्हा?"

मी तिथेच होतो. रांग थांबवून, सगळ्यांसमोर, एका ओळीत अपडेट मारला आणि कमिट लिहून एन्टर दाबला. चांदणी गेली का ते दोनदा बघितलं. दुसऱ्या दिवशी आण्णांनी खरवस पाठवला, त्यामुळे त्या महिन्यापुरते पाच स्टार. एरवी चार.