सकाळचा पिवळा-हिरवा बेडका: थोडे थांबावे की थुंकी तपासावी?

सकाळी पिवळा किंवा हिरवा बेडका पडला की बहुतेक जण रंगाला घाबरतात. हिरवटपणा रक्तातील पांढऱ्या पेशींतील एका विकरामुळे (एन्झाइममुळे) येतो आणि रात्रभर साचलेला कफ अधिक गडद दिसतो, म्हणून केवळ रंग पाहून अँटिबायोटिक घेऊ नये. त्रास किती दिवसांचा आहे आणि सोबत कोणती लक्षणे आहेत, यावर निर्णय घ्यावा.

नाक चोंदलेले, कपाळ जड आणि कफ घशामागून उतरत असेल, तर कारण बहुधा सायनसचे किंवा ॲलर्जीचे असते. कोकणच्या पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतींवरची बुरशी ॲलर्जी वाढवते. सर्दीनंतरचा ब्राँकायटिस, म्हणजे श्वासनलिकांना आलेली सूज, बहुतेक वेळा विषाणूजन्य असतो. त्यात ताप उतरतो, पण खोकला तीन आठवडेही रेंगाळतो.

धुराचा खोकला याहून वेगळा, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे. सलग दोन वर्षे, दरवर्षी किमान तीन महिने कफ पडत असेल, तर तो जुनाट ब्राँकायटिस समजतात. विडी ओढणाऱ्याचे कारण लगेच ओळखले जाते. पण मागीलदारी ओलसर लाकडे आणि झावळ्या फुंकणीने पेटवून साऱ्या घराचे आंघोळीचे पाणी तापवणाऱ्या बाईने कधी विडी ओढलेली नसते, म्हणून तिच्या खोकल्याला ‘हवा बाधली’ म्हणून सोडून दिले जाते. तिची स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोराने फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी, व्हायला हवी.

क्षयाची सुरुवातही अशीच साधी वाटू शकते. संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम आणि घटते वजन ही त्याची लक्षणे, पण ती सगळी एकदम दिसतीलच असे नाही. ब्राँकायटिसचा खोकलाही लांबतो हे खरे असले, तरी दोन आठवडे उलटल्यावर अंदाज बांधत बसण्यापेक्षा सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची मोफत तपासणी करून घ्यावी. त्यासाठी सकाळी चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला बेडका लागतो. नुसती लाळ चालत नाही. गणपतीला आलेल्या चाकरमान्यानेही मुंबईला परतेपर्यंत थांबू नये, कारण गावी निदान झाले तरी पुढचे उपचार मुंबईच्या केंद्रात घेता येतात.

पूर्वी क्षय होऊन गेलेल्याला रोज भरपूर, दुर्गंधीयुक्त कफ पडत असेल, तर श्वासनलिका कायमच्या रुंदावल्या आहेत का, हे सीटी स्कॅनमध्ये पाहावे लागते. कफात रक्त, गंजासारखा रंग, धाप किंवा छातीत कळ असल्यास मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.